गुरगुरणाऱ्या कुत्र्यासाठी घरी येणारी ट्रेनर : नाशिकमधला आमचा अनुभव

ज्यांचं कुत्रं ताटलीजवळ कुणी गेलं की गुरगुरतं, पळवलेली वस्तू सोडत नाही, हात पुढे केला की दात दाखवतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे एक ट्रेनर येते आणि तिच्या कामावर मी मनापासून समाधानी आहे. तिचं नाव मात्र इथे देत नाही. ती एकटीच काम करते, नाशिकबाहेर जात नाही, आणि ओळखीतून आलेली कामंच तिला पुरून उरतात. पण ती काय करते आणि काय करायला ठाम नकार देते हे सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या गावात कुणाला बोलवायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

आमचा गुळ्या गुळाच्या रंगाचा, तीनेक वर्षांचा गावठी नर. नसबंदी झालेली आहे, लसी वेळच्या वेळी होतात. इंदिरानगरातल्या एका चहाच्या टपरीमागे झालेल्या पिल्लांमधला हा. टपरीवाला सगळ्या पिल्लांना मिळून एकाच परातीत दूध-पाव घालायचा, आणि जो पुढे घुसेल त्याचं पोट भरायचं. घरात मी, माझे मिस्टर, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. गुळ्या एरवी इतका लाघवी की दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे त्याला हाक मारूनच पुढे जातात. पण ताटली समोर आली की तो बदलायचा. जवळून कुणी गेलं की घशातून आवाज, आणखी जवळ गेलं की वरचा ओठ वर. पुढे पुढे मोजे, टीव्हीचा रिमोट, मुलीच्या डब्याची पिशवी, जे तोंडाला लागेल ते घेऊन दिवाणाखाली शिरायचं आणि कुणाला फिरकू द्यायचं नाही, असं सुरू झालं. एके दिवशी त्यानं सासूबाईंची गोमुखी पळवली, माळेसकट. मिस्टरांनी दिवाणाखाली हात घातला आणि त्यांच्या अंगठ्याला दात लागले. नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली, लगेच दवाखाना गाठला, डॉक्टरांनी रेबीजच्या लसीचे डोस सुरू केले. कुत्रा घरचा असो, लस झालेला असो, दात लागले की हे करायचंच.

त्यानंतर आधी एक दुसरे गृहस्थ आले होते. बऱ्याच वर्षांचा अनुभव असल्याचं सांगत होते. गुळ्याला पाहताक्षणी म्हणाले, "डोक्यावर चढवून ठेवलाय तुम्ही. याला मालक कोण ते दाखवावं लागेल." पिशवीतून आवळत जाणारी साखळी काढली, त्याच्या गळ्यात घातली, एक हिसका दिला. गुळ्या किंचाळला. ते त्याला पाठीवर उलथा पाडून दाबायला निघाले तेव्हा मी त्यांना तिथेच थांबवलं, भेटीचे पैसे हातात ठेवले आणि दार उघडून दिलं. मी शाळेत शिकवते. भेदरलेल्या मुलाला दाबून ठेवून काही शिकवता येत नाही एवढं मला समजतं, आणि त्या क्षणी गुळ्या भेदरलेला होता, माजलेला नव्हता.

नंतर हे 'मालक कोण' प्रकरण कुठून आलं ते मी शोधून वाचलं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने १९४७ साली लांडग्यांवर लिहिलं होतं. ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले, एकमेकांशी नातं नसताना एका कुंपणात कोंडलेले. त्यांच्यात मारामाऱ्या होत्या, वरचढ नर, वरचढ मादी होती. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती कल्पना पुढे नेली, आणि मग त्यांनीच मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ साली लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे कुणी लढून राजा होत नाही. म्हणजे ज्यांनी ही कल्पना जगभर नेली त्यांनीच ती मागे घेतली, आणि आपल्याकडे अजून तिच्या नावावर कुत्र्यांचे गळे आवळले जातात. मला याचा खरोखर राग येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली, बिघडलेल्या वागण्यासाठी कुत्री घेऊन आलेल्या मालकांना विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याच्या तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढायला गेलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. उलथा पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांवर.

आता आमच्या या ट्रेनरबद्दल. तिशीच्या आतली मुलगी आहे, मला काकू म्हणते, सासूबाईंना आजी. फोनवर तिनं पहिला प्रश्न विचारला, "काकू, डॉक्टरांना कधी दाखवलंय?" लस घ्यायला गेलो होतो म्हटलं. ती म्हणाली, तसं नाही, दात, कान, सांधे सगळं तपासून घ्या, मग मी येते. दुखणाऱ्या कुत्र्याला शिकवण्यात अर्थ नाही. आम्ही गेलो तर डाव्या कानात आत खोलवर संसर्ग निघाला. वरून काहीच दिसत नव्हतं. गळ्यातल्या पट्ट्याला हात लावला की तो का गुरगुरायचा त्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. फी घेण्याआधी दवाखान्यात पाठवणारी ट्रेनर, माझ्या हिशेबात तिथेच ती पास झाली.

पहिल्या भेटीत तिनं गुळ्याला हातही लावला नाही. फरशीवर, त्याच्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही अशी तिरपी बसली आणि तासभर आम्हालाच प्रश्न विचारत राहिली. ताटली कुठे ठेवता? कोण ठेवतं? तो खात असताना कोण कुठून जातं? आमची ताटली स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या बोळात होती. सकाळी सातला त्या बोळातून डबे, दप्तर, दुधाचं पातेलं, सगळ्यांची ये-जा. तिनं ताटली उचलून मागच्या बाल्कनीत नेली आणि सांगितलं, तो खाताना बाल्कनीचं दार लोटून घ्यायचं, खाऊन झाल्यावरच उघडायचं. एवढ्या एका बदलाने रोजचं निम्मं गुरगुरणं थांबलं. बोलता बोलता तिची नजर देवघरासमोरच्या पाटावर गेली, तिथे प्रसादाची वाटी होती. तिनं ती उचलून फडताळावर ठेवली. वाटीत बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, थोडे खाल्ले तरी भरवसा नाही. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून, हंगामात घरोघरी पेट्या येत असताना, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तिनं सांगितलेली एक गोष्ट मी तेव्हापासून भेटेल त्या प्रत्येक कुत्रेवाल्याला सांगते: गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही शिक्षा करायची नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. त्याआधी त्याने आणखी हळू आवाजात चार गोष्टी सांगितलेल्या असतात, आपण त्या पाहिलेल्या नसतात. ब्रिटनमधल्या पशुवैद्य केंडल शेपर्ड यांनी याची एक शिडी काढून दाखवली आहे. अगदी खालच्या पायरीवर जांभई, पापण्यांची उघडझाप, नाक चाटणं. मग मान फिरवणं, अंग वळवणं, बाजूला सरकणं, अंग चोरून बसणं. मग ताठरणं, रोखून बघणं. मग गुरगुरणं, मग हवेत दात मारणं, आणि सगळ्यात वर चावणं. गुरगुरल्यावर फटका मिळाला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी तो मधली पायरी गाळून थेट चावतो. "एकदम चावला हो, काही कारण नसताना" असं ज्या कुत्र्यांबद्दल आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याच जणांची ही सूचना कुणीतरी आधी मारून बंद केलेली असते.

तिनं आम्हाला गुळ्याचे व्हिडिओ हळू गतीने दाखवले. त्यात मला पहिल्यांदा दिसलं की मिस्टर दारात आले की त्याचं तोंड ताटलीतच राहतं पण घास चघळणं थांबतं. मान थोडी खाली जाते, पाठीची रेघ ताठ होते, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा भाग दिसतो, आणि मग तो दुप्पट वेगाने गिळायला लागतो. हे सगळं आवाजाच्या आधी. आता माझी मुलगी लांबून बघून सांगते, "आई, थांब, तो ताठ झालाय."

व्यायाम मात्र खूप साधा. आमच्या घरात मांसाहार नाही, म्हणून पनीर. वाटाण्याएवढे तुकडे. तिनं माझ्याकडून खडू मागून घेतला आणि ताटलीपासून बऱ्याच लांब, जिथे गुळ्याला आमचं काहीच वाटत नव्हतं, तिथे फरशीवर रेघ मारली. ताटलीत त्याचं साधं जेवण. आपण रेघेपर्यंत चालत जायचं, पनीरचा तुकडा ताटलीच्या दिशेने टाकायचा आणि लगेच पाठ फिरवून परत यायचं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, खाणं बघत उभं राहायचं नाही. तो ताठरला तर रेघ मागे. आपली चाहूल लागताच त्यानं स्वतः ताटलीतून मान वर काढली, अंग सैल, शेपूट कमरेच्या पातळीत हलतेय, आणि 'आणलं का?' अशा डोळ्यांनी पाहिलं, तरच रेघ एक वीत पुढे. तिचा सगळा भर या वर काढलेल्या मानेवर होता. जवळ येणारा माणूस काही काढून घ्यायला येत नाही, तो भर घालायला येतो, हे कुत्र्याच्या मनात रुजलं की राखण करायचं कारणच संपतं. माणूस बदलला की रेघ पुन्हा मागे, कारण माझ्यावर बसलेला विश्वास मिस्टरांच्या खात्यात आपोआप जमा होत नाही.

लोक जो सल्ला हटकून देतात, की तो खाताना ताटलीत हात घाला, मधूनच ताटली काढून घ्या म्हणजे सवय होते, त्यावर ती जवळजवळ चिडली. त्याने कुत्र्याची शंका खरी ठरते, म्हणाली. मला ते लगेच पटलं.

'सोड' शिकवणं हा दुसरा भाग. गोमुखीने किंवा मोज्याने सुरुवात करायची नाही. ज्या वस्तूचं त्याला फारसं काही नाही, आमच्याकडे जुन्या पायपुसण्याची दोरी, तिथून. तोंडात दोरी, नाकाशी पनीर. तोंड उघडलं की पनीर द्यायचं, आणि तो ते खाऊन होताच दोरी परत त्याला. ही परत देण्याची पायरी लोक गाळतात. सोडलं तरी वस्तू जात नाही हे कळल्यावर गुळ्या आपणहून दोरी आणून पायाशी टाकायला लागला. तोंड उघडणं पक्कं झाल्यावर त्याच्या आधी 'सोड' हा शब्द. आणि परत देता येणार नाही अशी वस्तू असेल, गोळ्यांची पट्टी किंवा गोमुखी, तर ओढाओढ नाही. मूठभर तुकडे वस्तूपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उधळायचे, तो हुंगत वेचत दूर गेला की शांतपणे वस्तू उचलायची. सासूबाई यात सगळ्यांत तरबेज निघाल्या. त्या एका जागी बसून असतात, घाई करत नाहीत, आणि त्यांच्या आवाजात कधी धार येत नाही. दिवाळीच्या सुमारास गुळ्याने पुन्हा गोमुखी उचलली तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून "सोड बाळा" म्हटलं आणि त्याने ती त्यांच्या मांडीवर ठेवली. मी दारात उभी राहून हे पाहिलं आहे.

कानात औषध घालण्यासाठी तिनं मुसक्याची सवय लावून घेतली, हेही सांगण्यासारखं. बाजारात मिळणारी कापडी घट्ट मुसकी तिनं हातात घेऊन बाजूला ठेवली. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, तोंड आवळलं की त्याला ते करता येत नाही, आपल्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं. जाळीच्या टोपलीसारखी मुसकी हवी, जिच्यात जीभ बाहेर काढता येते, पाणी पिता येतं. आत पनीर ठेवून त्याने स्वतः तोंड घालेपर्यंत आम्ही वाट पाहिली.

आता व्यवहाराचं. पहिली भेट २,५०० रुपये, पुढच्या प्रत्येकीचे १,५००. स्वस्त नाही. मधल्या दिवसांत आम्ही व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायचो, ती रात्री पाहून कळवायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मला खरी किंमत वसूल झाली ती तिथे. ती किती दिवसांत फरक पडेल ते सांगत नाही, हमी देत नाही. जे लोक अमुक दिवसांत शंभर टक्के असं छापतात त्यांच्यापेक्षा मला हे प्रामाणिक वाटलं.

उणिवा आहेत. संध्याकाळी ती येत नाही, त्यामुळे मला शाळेतून अर्धी रजा टाकावी लागायची. लेखी सूचना इंग्रजीत देते, सासूबाईंना त्या वाचता येत नाहीत. सांगितल्यावर तिनं मराठीत आवाज नोंदवून पाठवायला सुरुवात केली, पण ते आधीपासून असायला हवं. फिरताना दोरी ओढण्यावर तिचा उपाय, छातीशी कडी असलेला हार्नेस आणि दोरी ताणली की जागेवर थांबणं, आमच्या गल्लीत फारसा चालला नाही. कोपऱ्यावर मोकळी कुत्री बसलेली असतात, तिथे थांबून राहणं शक्यच नसतं. पहाटे दुसऱ्या रस्त्याने न्या, असं ती म्हणाली. बरं चाललंय, पण तो प्रश्न सुटलेला नाही. शिवाय घरातला एक माणूस जरी ऐकत नसेल तर पैसे वाया जातील. रोज, सगळ्यांनी, तसंच करायचं असतं.

गुळ्या पूर्ण 'बरा' झालाय असं मी म्हणणार नाही. जनावरांच्या चामड्याची चघळायची हाडं अजून आम्ही देत नाही, तेवढं त्याला झेपत नाही. बाहेरची मुलं घरी आली की त्याचं जेवण बाल्कनीत आणि दार बंद, आणि आमच्या मुलीसह कुठल्याही मुलाने खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही हा नियम कायमचा. पण मिस्टर आता ताटलीत पाणी ओतायला वाकतात तेव्हा तो बाजूला सरकून शेपूट हलवत उभा राहतो.

आपल्याकडे कुणीही फलक लावून ट्रेनर होऊ शकतो, तेव्हा बोलावण्याआधी फोनवर एवढं विचाराच: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय देता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाला साखळी, फटका, विजेचा झटका देणारा पट्टा असं काही उत्तर आलं तर फोन ठेवा. तो झटक्याचा पट्टा वेल्समध्ये २०१० पासून कायद्याने बंद आहे, आपल्याकडे ऑनलाइन सर्रास मिळतो. "आमच्याकडे महिनाभर ठेवा, शिकवून परत देतो" म्हणणाऱ्यांकडेही ताटलीची, वस्तूंची अशी राखण करणारं कुत्रं देऊ नका. त्याला विश्वास तुमच्या घरातल्या माणसांवर बसायला हवा, आणि ती माणसं तिथे नसतात.

पहिल्या भेटीची तयारी म्हणून पशुवैद्यांचे कागद काढून ठेवा. गुरगुरण्याचा एखादा व्हिडिओ, लांबून आणि त्याला मुद्दाम न डिवचता काढलेला, हाताशी असू द्या. काय काय पळवतो त्याची यादी करा. भेट जेवणाच्या वेळेच्या आधीची घ्या, पोट भरलेल्या कुत्र्याला पनीरचं काही पडलेलं नसतं. आणि पनीर आदल्या रात्रीच कापून फ्रिजमध्ये ठेवा, त्याच्यासमोर सुरी-पाट घेऊन बसलात तर तो तासभर तुमच्या हातांखेरीज कशाकडेही बघणार नाही.